जुन्या रेकॉर्डमधल्या बांगड्या

विष्णूभाऊ,

तुमच्या शोकसभेत बाजारपेठेतली माणसं तुमच्याबद्दल जे बोलली, त्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. आणि मला जे माहीत आहे ते तिथं सांगून कोणाला कळलं नसतं. माझं नाव पुकारलं तेव्हा मी मान हलवून नाही म्हटलं. सगळी नोकरी फळ्यासमोर उभं राहून बोलण्यात गेली माझी, पण त्या दिवशी खुर्चीतून उठता आलं नाही. एकाच गाण्याच्या चार आवृत्त्या लावून आपण दोघं वर्षानुवर्षं भांडलो आणि शेवटच्या भांडणात मी तुमच्याशी खोटं बोलले, हे शोकसभेत कसं सांगायचं?

म्हणून लिहिते आहे. माझी नातवंडं, सई आणि मिहिरही हे वाचतील. सुट्टीत जव्हारला आल्यावर तुमच्या दुकानातल्या उघड्या पडलेल्या रेडिओंकडे ती दोघं तोंड उघडं टाकून बघत बसायची, म्हणून तुम्ही त्यांचे रेडिओआजोबा. आता ती समुद्रापलीकडे राहतात आणि गाणं म्हणजे त्यांच्यासाठी खिशातल्या पेटीतून कानात येणारी गोष्ट आहे. त्यामुळे तुम्हाला ठाऊक असलेलं मी मध्येच पुन्हा सांगत बसले तर चिडू नका. ते मुलांसाठी आहे.

आपली पहिली भेट माझ्या रेकॉर्ड प्लेअरमुळे झाली. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. मुंबईत कॉलेजात असताना घेतलेली एक रेकॉर्ड माझ्याकडे होती. आठ गाणी, चार इकडे, चार तिकडे. एक दिवस तिच्यातून नुसती खरखर यायला लागली, तेव्हा प्लेअर आणि रेकॉर्ड दोन्ही चादरीत गुंडाळून मी तुमच्या दुकानात आणली. पिठाच्या गिरणीला लागून ते तुमचं पत्र्याचं दुकान. गिरणी चालू असली की खाणाखुणा करून बोलावं लागायचं. तुम्ही भिंग लावून सुई पाहिलीत आणि गिरणीच्या वर आवाज काढून ओरडलात, "बाई, ह्या सुईनं गाणं ऐकता का शेत नांगरता?"

मला राग आला होता. शाळेत माझ्याशी असं कोणी बोलत नसे.

सुई बदललीत. गिरणीवाला जेवायला जाईपर्यंत मला थांबवून ठेवलंत, कारण "गलक्यात ऐकलेलं खरं नसतं." मग रेकॉर्ड लावलीत. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं चालू असताना तुम्ही हात वर केलात.

"इथं बांगड्या वाजल्या."

"छे हो. मी वीस वर्षं ऐकतेय हे गाणं. बांगड्या कुठल्या?"

"वीस वर्षं ऐकलंत ना? मग आता नीट ऐका."

पुन्हा लावलीत. मला काही ऐकू आलं नाही. पुन्हा लावलीत. तिसऱ्या वेळी आलं. दुसरा अंतरा संपतो, तबला क्षणभर थांबतो, आणि त्या फटीत दोन काचेच्या बांगड्या एकमेकींना लागतात. गाणाऱ्या बाईंनी मांडीवरचा हात उचलला असेल. माझ्या अंगावर काटा आला. वीस वर्षं ती बाई माझ्या घरात गात होती आणि तिला हात आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

तुम्ही मात्र हसत होतात. म्हणालात, "ही तर आमची मावशीच. साखरशेतची. ती पण बोलताना हात नाचवते." तेव्हापासून त्या गायिकेला आपण मावशी म्हणायला लागलो. तिचं खरं नाव रेकॉर्डवर मोठ्या अक्षरात छापलेलं आहे, पण ते आपण पुन्हा कधी घेतलं नाही.

मग रविवार सुरू झाले. दुकान उघडण्याआधी, सकाळी, तुम्ही आमच्याकडे यायचात. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी छोटा स्क्रूड्रायव्हर. मावशीच्या त्याच आठ गाण्यांची कॅसेटही निघाली होती; ती तुम्ही ठाण्याहून मिळवलीत. पुढे सीडी निघाली. गाणी तीच, ज्या दिवशी मावशी गायली तो दिवसही तोच, तरी प्रत्येक वेळी ती वेगळी वाटायची. का वाटते, हे शोधायचं आपण ठरवलं. मुलांनो, याला हल्ली 'ब्लाइंड टेस्ट' म्हणतात, ते तुम्हीच मला फोनवर शिकवलंत. तेव्हा आम्हाला शब्द माहीत नव्हता.

पद्धत तुमची होती, शिस्त माझी. ऐकणाऱ्यानं भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसायचं. दुसऱ्यानं काय लावलंय ते सांगायचं नाही. आणि सगळ्यात आधी आवाज सारखा करायचा. त्याबद्दल तुम्ही फार कडक होतात. "बाई, जे मोठ्यानं वाजतं ते चांगलं वाटतं. माणसाचं पण तसंच हाय. आधी सारखं करा, मग न्याय करा." सूनबाई सुट्टीला आली असताना तिची नेलपॉलिश मागून तुम्ही अॅम्प्लिफायरच्या बटणाभोवती तीन लाल ठिपके काढलेत. एक रेकॉर्डचा, एक कॅसेटचा, एक सीडीचा. मी शाळेतून उरलेलं निकालाचं रजिस्टर काढलं आणि रकाने आखले. तबला, सारंगी, मावशीचा श्वास, बांगड्या. प्रत्येकाला दहापैकी गुण.

"गाण्याला मार्क?" तुम्ही कपाळावर हात मारलात. "मावशी काय पाचवीत बसलीय?"

"मार्क दिले नाहीत तर पुढच्या रविवारी आपण काय म्हणालो होतो ते आठवणार कसं?"

"मला आठवतं."

तुम्हाला आठवायचंही. पण मी लिहिलं.

आमचे हे बाहेर ओट्यावर पेपर वाचत बसायचे. एकच गाणं सलग पाचव्यांदा लागलं की आतल्या बाजूला न बघता म्हणायचे, "विष्णू, रेकॉर्ड अडकली का रे?" तुम्ही तितक्याच गंभीरपणे उत्तर द्यायचात, "नाय साहेब, बाई अडकल्यात."

एक चूक मात्र आपण दोघांनी मिळून केली, आणि ती मी मुलांना सांगणारच आहे. कॅसेटमध्ये मावशीचा आवाज रेकॉर्डपेक्षा पातळ आणि चढा लागतो, असा निकाल आपण एका उन्हाळ्यात दिला. बाजाची पेटी काढून सूर लावून पाहिले. खरोखरच अर्ध्या सुराचा फरक. कॅसेट कंपनीनं मावशीला तरुण दाखवायला मुद्दाम गाणं पळवलं, असा तुमचा तर्क. मी तर कंपनीला इंग्रजीत दोन पानी पत्रही लिहिलं, स्वच्छ अक्षरात, मुद्दे क्रमांकवार घालून. पाकीट चिकटवायच्या आधी पाऊस पडला, धरणाकडून बरी वीज यायला लागली, आणि त्या रविवारी रेकॉर्डही चढ्या सुरात गाऊ लागली. जव्हारचं व्होल्टेज उन्हाळाभर इतकं उतरलेलं होतं की माझा प्लेअरच संथ फिरत होता. सगळा उन्हाळा आपण विजेला मार्क देत होतो. तुम्ही स्टुलावर बसून इतके हसलात की ह्यांना पेपर ठेवून आत यावं लागलं. ते पत्र मी फाडलं नाही. तुम्ही म्हणालात ठेवा, पुढच्या वेळी शहाणपण सुचलं की वाचायला.

पहिली सीडी आपल्या दोघांनाही आवडली नव्हती. खरखर नव्हती, पण सारंगी अशी वाजायची की स्टीलच्या ताटलीवर चमचा घासावा. शेवटच्या गाण्यात तबल्याची अखेरची थाप रेकॉर्डमध्ये विरत विरत जाते. सीडीवाल्यांनी ती मध्येच तोडली होती. "पाहुणा उंबऱ्यात हाय आणि ह्यांनी दार लावलं," तुम्ही म्हणालात. मी तेव्हा रजिस्टरात दहापैकी तीन लिहिले. तुम्ही म्हणालात दोन. त्या काळात आपलं फारसं बिनसत नसे.

तुमच्या कानाची जव्हारात दंतकथा होती. मुलांना आठवत असेल, तुम्ही आम्हा सगळ्यांना गावाबाहेरच्या टेकडीवर, शिरपामाळावर घेऊन गेला होतात. वाऱ्यात शब्द ऐकू येत नव्हता. तुम्ही म्हणालात, "मोखाड्याची गाडी येतेय. दुसऱ्या गिअरला हाय. डायव्हर नवीन दिसतो." मिहिर धावत कठड्याकडे गेला. पाच मिनिटांनी खालच्या वळणावर एसटीचा लाल टप दिसला. त्या दिवसापासून मिहिरला मोठेपणी रेडिओआजोबा व्हायचं होतं.

मला तुम्ही काय दिलंत ते तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. तुमच्याबरोबर मावशीचा श्वास ऐकायला शिकल्यावर मला वर्गात मुलींचे श्वास ऐकू यायला लागले. मोखाड्याकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या मुली इंग्रजीच्या तासाला बोलतच नसत. घरची बोली वेगळी, शाळेतली मराठी वेगळी, त्यात माझं इंग्रजी. मी त्यांना ठोंब्या समजत होते. पण उत्तर येत असलेल्या मुलीचा श्वास वेगळा असतो. ती आत घेते आणि धरून ठेवते. एकदा ते कळल्यावर मी तिथं थांबू लागले. बऱ्याच मुली बोलल्या. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी बरी शिक्षिका झाले असेन तर त्याचं श्रेय गिरणीशेजारच्या एका सातवी शिकलेल्या मेकॅनिकला आहे. हे मी तुम्हाला चहा देताना कुठल्याही रविवारी सांगू शकले असते.

आता त्या शेवटच्या काळाकडे येते.

आज मागे पाहिलं की खुणा दिसतात. पावसाळ्यात आमच्या मागच्या आंब्यावर भर दिवसा किडे किर्र करतात, इतके की आपण खिडकी लावून घ्यायचो. एका वर्षी तुम्ही सहज म्हणालात, "यंदा किडे कमी झाले, नाय?" मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "जंगल तोडल्यावर दुसरं काय होणार!" खिडकी तेव्हाही मीच लावून घेतली होती. कशासाठी लावली, याचा विचार केला नाही. पुढच्या वर्षी तुम्ही आमचा रेडिओ दुरुस्त करून दिलात तो कानात घुसायला लागला. हे म्हणाले, "विष्णू हल्ली रेडिओला धार लावून देतो की काय?" मी बटण फिरवून आवाज मऊ केला आणि विसरून गेले.

मग सीडीची नवी आवृत्ती आली. आमच्या मुलानं परदेशातून पाठवली. रीमास्टर्ड, म्हणजे मूळ फितीवरून पुन्हा धुऊन-पुसून काढलेली. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की ध्वनी आता पूर्ण शुद्ध आहे. तुम्ही बटणाभोवती चौथा लाल ठिपका काढलात. मी भिंतीकडे तोंड करून बसले आणि दोन मिनिटांत उठले. खरखर गेली होती, आणि तिच्याबरोबर मावशीचे श्वासही गेले होते. ओळ संपते आणि दुसरी सुरू होते, मधे बाई जिवंत आहे याचा काही पुरावाच नाही. हळू जागाही मोठ्यानं वाजत होत्या. सगळं उन्हात वाळत घातल्यासारखं.

"तुम्ही ऐका," मी म्हटलं.

तुम्ही ऐकलंत. दोन्ही ऐकलंत, रेकॉर्ड आणि नवी. फिरून पुन्हा ऐकलंत. आणि भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणालात, "बाई, ही नवी चांगली. हिच्यात बांगड्या हायेत. जुनीत नायत."

मला वाटलं तुम्ही थट्टा करताय. बांगड्या तुम्हीच मला दाखवल्या होत्यात, त्याच रेकॉर्डमध्ये. मी म्हणाले, आणि हे वाक्य मला जन्मभर पुरणार आहे, "विष्णूभाऊ, जरा कान धुऊन या."

तुम्ही वळलात. "बरं," म्हणालात आणि स्क्रूड्रायव्हर खिशात घालून निघालात. चहा तसाच राहिला.

दुपारी मी रजिस्टर काढलं. मला तुमची चूक शोधायची होती, पुराव्यानिशी तुम्हाला दाखवायची होती. सुरुवातीच्या पानांवर तुमचे शेरे माझ्या अक्षरात होते. बांगड्या, तानपुऱ्याची वरची तार, कोणाच्या तरी पायातलं पैंजण, पान उलटल्याचा आवाज. मधल्या पानांवर पैंजण नव्हतं. मग पान उलटल्याचा आवाज नव्हता. शेवटच्या दोन-अडीच वर्षांत तुम्ही फक्त तबल्याबद्दल आणि सारंगीच्या खालच्या सुरांबद्दल बोलत होतात. बारीक आवाज एकेक करून तुमच्या बोलण्यातून निघून गेले होते, आणि ते मी स्वतः, ओळीत, तारखा घालून लिहून ठेवलं होतं. लिहिलं होतं आणि वाचलं नव्हतं. गिरणीशेजारी इतकी वर्षं बसलेल्या माणसाचे कान. दुसरं काय होणार होतं त्यांचं?

तुमचा सगळा धंदा कानावर होता. तुमचं नाव, तुमची ऐट, मिहिरचं ते धावत जाणं, सगळंच. मग मी एक निर्णय घेतला आणि तोच चुकला.

पुढच्या रविवारी तुम्ही आलात, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं. मी रेकॉर्ड लावायला सांगितली आणि भिंतीकडे वळले. दुसरा अंतरा संपला. तबला थांबला. बांगड्या वाजल्या, अगदी स्पष्ट. मी म्हणाले, "तुम्ही म्हणत होतात ते बरोबर आहे. जुनीत नाही येत बांगड्या ऐकू. झिजली असेल रेकॉर्ड."

नोकरीत मी कोणाला एक गुण वाढवून दिला नाही. हेडमास्तरांच्या पुतणीलाही नाही. तुम्हाला दिला.

तुम्ही सुई उचलून ठेवलीत. मी वळून पाहिलं तर तुम्ही माझ्याकडेच बघत होतात.

"बाई, बांगडी वाजली तेव्हा तुमची मान हलली."

माझा हात मानेकडे गेला.

"दर वेळी हलते. पंधरा वर्षं बघतोय मी."

"अहो, मला खरंच..."

"नका," तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नाहीत. "माझे कान गेले तर गेले, बाई. तुमचे कशाला घालवता?"

आणि गेलात. दार नेहमीसारखं हळूच ओढून घेतलंत, ह्यांना "येतो साहेब" म्हणालात.

त्यानंतरचे दोन रविवार तुम्ही आला नाहीत. दुसऱ्या रविवारी हे मला म्हणाले, "जाऊन ये ना. दुकान काय काशीला आहे?" मी म्हटलं, "त्यांना यायला काय झालं?" मनात काय होतं तेही सांगते, कारण आता लपवण्यात अर्थ नाही. मी चांगुलपणानं वागले होते आणि तुम्ही तो चांगुलपणा माझ्या तोंडावर परत केला होतात, असं मला वाटत होतं. मी वयानं मोठी, शिकलेली. मी का जाऊ? बुधवारी सकाळी गिरणीवाला आमच्या दारात आला. दुकानाचं फळकूट उघडता उघडता तुम्ही खाली बसलात, एवढंच त्यानं सांगितलं.

आम्ही तुमच्या घरी, साखरशेतला पोचलो तेव्हा तुम्हाला अंगणात ठेवलं होतं. बायका एका बाजूला, मी त्यांच्यात. तुमच्या भावानं कापसाचे बोळे केले आणि रीतीप्रमाणे तुमच्या नाकात, मग कानांत घातले. डाव्या कानातला नीट बसेना, तो त्यानं बोटानं दाबला. मला पुढे होऊन त्याचा हात धरावासा वाटला. तुमच्या जनाबाईंच्या हाताला धरून मी उभी राहिले. कोणी कोणाला सावरलं, सांगता येणार नाही.

तेराव्याला पुन्हा गेले. पंगती उठल्यावर जनाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. तुमची बायको माझ्याशी कधी चार वाक्यांच्या वर बोलली नव्हती. त्या दिवशी आपणहून बोलली.

"बाई, त्यांना बारीक ऐकू येत नव्हतं. तीन वर्षं झाली असतील. माझ्या बांगड्या पण येत नव्हत्या ऐकू. मी मागनं आले की दचकायचे."

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"मी म्हटलं होतं, बाईंना सांगा, बाई मोठ्या डॉक्टरकडे नेतील. तर म्हणाले, नको. बाईंना कळलं तर बाई मला वाढवून मार्क देतील."

मी खाली पाहिलं. सारवलेल्या जमिनीवर मुंग्या भाताची शितं ओढून नेत होत्या.

"शेवटी फार रागावले होते का माझ्यावर?"

जनाबाईंनी विचार केला. खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस जसा वेळ घेतं तसा. "राग नव्हता. गप होते. एकदा जेवताना म्हणाले, आता कोणाला विचारू?"

भाऊ, हे मला इतके दिवस कळलं नव्हतं. मला वाटत होतं तुम्ही दर रविवारी माझ्याशी वाद जिंकायला येता. तुम्ही विचारायला येत होतात. तुमच्या कानातून जे निसटत होतं ते अजून तिथं आहे की नाही, हे या गावात तुम्हाला खरं सांगू शकणारं एकच माणूस होतं. मी रागावून "आहेत हो, आहेत बांगड्या" म्हणून भांडत होते तोवर तुमच्या दृष्टीनं सगळं ठीक होतं. माझ्या कानांनी तुम्ही ऐकत होतात. ज्या दिवशी मी "नाहीत" म्हटलं, त्या दिवशी त्या खरंच गेल्या.

घरी परत आल्यावर दोन दिवस मी काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना सांगितलं की दार लावतेय, कोणी आलं तर नंतर या म्हणा. ह्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि कुकरखालचा गॅस स्वतः उठून बंद केला. मी देवघरातला वातींचा कापूस घेतला, दोन बोळे केले आणि कानांत घातले. आधी रेकॉर्ड लावली, तिच्या ठिपक्यावर. मग नवी आवृत्ती, तिच्या ठिपक्यावर. मग कापूस काढून पुन्हा दोन्ही. प्रत्येक वेळी भिंतीकडे तोंड करून. हे बिचारे आत येऊन माझ्या सांगण्याप्रमाणे बटणं दाबत होते. एकदाही थट्टा केली नाही त्यांनी.

तुम्ही विचारलं होतंत. मी सांगते. ज्या क्रमानं ऐकलं त्याच क्रमानं.

कापूस घातल्यावर जुन्या रेकॉर्डमध्ये बांगड्या नाहीत. तिथं फक्त पोकळी येते आणि पुन्हा तबला सुरू होतो. नव्या आवृत्तीत आहेत, बारीक, पण आहेत. तेव्हा तुम्ही म्हणालात ते शंभर टक्के बरोबर होतं. तुमच्या कानांसाठी नवीच चांगली होती. तिनं तुम्हाला मावशीचा हात परत दिला होता आणि मी तिला शुद्धीकरण म्हणून हिणवत होते. ते मी मागे घेते.

कापूस काढल्यावर मात्र माझं मत बदललेलं नाही. नव्या आवृत्तीत मावशी श्वास घेत नाही, आणि शेवटच्या थापेनंतरची शांतता खोटी आहे, कापून बसवलेली. सारंगी पहिल्या सीडीपेक्षा बरीच बरी, रेकॉर्डपेक्षा कमी. यावर आपलं भांडण झालं असतं आणि मी हटले नसते.

जुन्या रेकॉर्डमध्ये खरखर वाढली आहे. पहिल्या बाजूच्या दुसऱ्या गाण्यात नवा ओरखडा आहे, तो बहुधा माझ्या हातून पडला. तानपुऱ्याची वरची तार ऐकू येते. पैंजण येतं, पण फक्त एकदा. तुम्ही दोनदा म्हणाला होतात, दुसरं मला आजही सापडलं नाही. पान उलटल्याचा आवाज आहे. दुसरा अंतरा संपतो, तबला थांबतो, आणि बांगड्या वाजतात. दोन आहेत. आधी एक हलते, मग दुसरी तिला लागते. त्यानंतर मावशी श्वास आत घेते, किंचित घाईनं, आणि गायला लागते.

एवढं ऐकलं, विष्णूभाऊ. यातलं काहीही मी तुमच्यासाठी वाढवलेलं नाही.